फिलिपिनो की आशियाई? लेकीच्या प्रवेशअर्जातला एक रकाना

जास्वंद

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची. गेली बावीस वर्षे कॅलिफोर्नियात राहते. माझे यजमान फिलिपिनो आहेत. त्यांचा जन्म डेली सिटीतला. सासूबाई मात्र फिलिपाइन्समधल्या इलोकोस भागातून नर्स म्हणून इकडे आल्या. आमची लेक बारावीत आहे आणि सध्या घरात कॉलेजच्या प्रवेशाखेरीज दुसरा विषय नाही.

गेल्या रविवारी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज भरत होती. समोर तिची लोला, म्हणजे आजी, लुंपियाच्या, म्हणजे फिलिपिनो स्प्रिंग रोलच्या, एकमेकींना चिकटलेल्या पाऱ्या सोडवत बसली होती. वंशाविषयीचा प्रश्न आला आणि लेकीचा हात थांबला. तुम्ही हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहात का, असा एक प्रश्न होता आणि त्याच्या जोडीला समूहांची यादी होती. तीत फिलिपिनो वेगळे आणि भारतीय वेगळे. संध्याकाळपर्यंत आम्हाला तीन सल्ले मिळाले. नणंदेचे म्हणणे असे की आपले आडनाव स्पॅनिश आहे, तेव्हा हिस्पॅनिकवर बेलाशक खूण करावी. शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या की फिलिपिनो मुलांचे प्रमाण विद्यापीठात कमी असते, म्हणून ते अवश्य लिहा. शेजारच्या मराठी मैत्रिणीने बजावले की आशियाई असल्याचा सुगावा लागेल असे काहीही लिहू नका, रकाना कोरा सोडा.

लोलाने पाऱ्यांवरची नजर न काढता एवढेच विचारले, "पोरगी किती कुणाची आहे, ते यांना कशाला हवे?"

तर माझे प्रश्न दोन. प्रवेशाच्या संदर्भात फिलिपिनो मुलांना अल्पसंख्याक मानतात की नाही? आणि जी मुलगी घरात माझ्याशी मराठीत भांडते, तिने स्वतःला फिलिपिनो म्हणवून घेणे रास्त आहे का?

निळीशाई

जास्वंदताई, कॅलिफोर्निया विद्यापीठापुरते उत्तर सोपे आहे. नोव्हेंबर १९९६ मध्ये या राज्याच्या मतदारांनी प्रस्ताव २०९ मंजूर केला आणि सरकारी विद्यापीठांना प्रवेश देताना वंशाचा विचार करण्यास मनाई झाली. २०२० मध्ये ती बंदी उठवण्यासाठी प्रस्ताव १६ आला, तोही मतदारांनी फेटाळला. त्या रकान्यातली माहिती विद्यापीठ आकडेवारीसाठी घेते. प्रवेशाच्या निर्णयात ती धरली जात नाही. त्यामुळे शेजारणीची भीती आणि समुपदेशक बाईंची आशा, दोन्ही या अर्जापुरती अनाठायी आहेत. जे खरे आहे ते भरावे.

उंटावरचा शहाणा

मला या देशाचे एका गोष्टीसाठी फार कौतुक वाटते. रकान्यावर खूण केली की माणूस त्या समूहाचा झाला! आपल्याकडे पणजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून सुरुवात करावी लागते, मग जात पडताळणी समिती, मग नॉन-क्रिमिलेअर, आणि एवढे सगळे जमून येईपर्यंत प्रवेशाची तिसरी फेरी उलटून गेलेली असते. नणंदबाईंनी पडताळणी समितीसमोर स्पॅनिश आडनाव सिद्ध करून दाखवावे, असे मी नम्रपणे सुचवतो.

तळटीप

निळीशाई यांचे उत्तर बरोबर आहे, पण ते पहिल्या प्रश्नाच्या अर्ध्याच भागाचे आहे. "अल्पसंख्याक" आणि "अल्प प्रतिनिधित्व असलेला समूह" हे दोन शब्द अमेरिकेत वेगळ्या अर्थांनी वापरले जातात, आणि त्यांची गल्लत झाली की या धाग्यातल्यासारखे तीन सल्ले तयार होतात. लोकसंख्येत कमी असणे ही एक गोष्ट. लोकसंख्येत जेवढा वाटा, त्या मानाने वर्गात कमी असणे ही दुसरी. २०२० च्या जनगणनेत फिलिपिनो वंशाचे, मिश्र धरून, सुमारे ४४ लाख लोक मोजले गेले; चिनी आणि भारतीय यांच्या खालोखाल हा तिसरा मोठा आशियाई समूह. ते अल्पसंख्याक आहेत, यात वाद नाही. त्यांचे प्रतिनिधित्व अल्प आहे का, याचे उत्तर मात्र कोणते राज्य, कोणते विद्यापीठ आणि कोणता अभ्यासक्रम यानुसार बदलत जाते.

एकाच विद्यापीठातही ते बदललेले आहे. १९८० च्या दशकात बर्कलेला फिलिपिनो विद्यार्थी काही काळ अफर्मेटिव्ह ॲक्शनच्या, म्हणजे प्रवेशात झुकते माप मिळणाऱ्या समूहांच्या, यादीत होते आणि नंतर त्यांना तीतून वगळण्यात आले. म्हणजे थोरली बहीण यादीत आणि धाकटी यादीबाहेर, असे एखाद्या घरात घडू शकले असते. आईबाप तेच, आडनाव तेच.

मुळात हे रकानेही काही आकाशातून पडलेले नाहीत. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने रोल्डान खटल्यात असा निर्णय दिला की फिलिपिनो हे "मलय" आहेत, "मंगोल" नाहीत. त्यामुळे गोऱ्यांशी विवाहाला असलेली मनाई त्यांना लागू होत नाही. विधिमंडळाने त्याच वर्षी कायद्यात "मलय" हा शब्द घालून ती पळवाट बुजवली. १९७७ मध्ये केंद्र सरकारच्या निर्देश क्रमांक १५ ने "आशियाई किंवा पॅसिफिक बेटवासी" असा एकच गट केला आणि त्यात चीन, भारत, जपान, कोरिया, फिलिपाइन बेटे आणि सामोआ एका ओळीत बसवले. १९९७ मध्ये बेटवासी वेगळे काढले गेले, फिलिपिनो आशियाईंतच राहिले.

आपण भारतीयांनी याकडे दुरून पाहण्याचे कारण नाही. १९७० च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक "गोरे" म्हणून मोजले गेले होते. दहा वर्षांनी, १९८० मध्ये, ते आशियाई झाले. त्या दहा वर्षांत कुणाचा रंग बदलल्याचे ऐकिवात नाही.

गोदाकाठ

इतिहास उद्बोधक आहे, पण मला स्पष्ट बोलायचे आहे. माझ्या मुलाने चार वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या खासगी विद्यापीठांत अर्ज केले. आशियाई मुलांना इतरांपेक्षा अधिक कडक मापाने मोजले जाते, असे आम्हाला अनेकांनी सांगितले होते आणि निकाल पाहून आमची तशीच समजूत झाली. आता एखादे सुस्थितीतले, आई-वडील दोघेही पदवीधर असलेले घर जर "आम्ही आशियाई, पण आम्हाला त्यांच्यात धरू नका" असे म्हणू लागले, तर ते मला पटत नाही. फिलिपिनो नर्सचे कुटुंब आणि माझ्यासारख्या संगणक अभियंत्याचे कुटुंब यांत आर्थिक अंतर असे किती असते? गरज असेल तर उत्पन्न पाहावे. रकाने कशाला?

कोकणकडा

गोदाकाठ, तुम्ही ज्या फिलिपिनो कुटुंबाविषयी बोलता ते १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आलेले, पदवी घेऊन आलेले कुटुंब आहे. मी सोळा वर्षे होनोलुलूत आहे, इथले चित्र निराळे दिसते. डिसेंबर १९०६ मध्ये पंधरा फिलिपिनो मजूर उसाच्या मळ्यांसाठी इथे उतरले आणि पुढे त्यांच्यामागून हजारो आले. त्यांना सकादा म्हणत. त्यांच्यात बहुतेक इलोकानो होते, म्हणजे जास्वंदताईंच्या सासूबाईंच्या मुलखातले. आज हवाईत दर चार माणसांमागे एक जण काही अंशी तरी फिलिपिनो आहे. तरीही हवाई विद्यापीठाच्या मानोआ येथील मुख्य आवारात त्यांचे प्रमाण शाळांतल्या प्रमाणापेक्षा कमी राहिले आहे, आणि हॉटेलांत, विमानतळावर, वृद्धाश्रमांत ते भरपूर दिसतात.

१९७२ मध्ये इथे "ऑपरेशन मानोंग" नावाचा उपक्रम सुरू झाला. इलोकानो भाषेत मानोंग म्हणजे थोरला भाऊ, आपला दादा. विद्यापीठातले विद्यार्थी नव्याने आलेल्या फिलिपिनो मुलांना शाळेत जाऊन शिकवत असत. "आशियाई" हा एकच रकाना असता, तर ही मुले मागे पडत आहेत हे कुणाला कळलेच नसते, कारण जपानी आणि चिनी वंशाच्या मुलांच्या गुणांखाली त्यांची सरासरी झाकून गेली असती. रकान्याचा हा उपयोग मला खरा वाटतो. प्रवेशात गुण वाढवून मिळावेत म्हणून तो नको. निदान कोण वर्गात आलेच नाही ते दिसावे.

वसईचा किनारा

आडनावाच्या मुद्द्यावर माझा अधिकार आहे असे मी समजते. आम्ही वसईचे ख्रिस्ती. घरात सामवेदी बोली, शिक्षण मराठी माध्यमात आणि आडनाव पोर्तुगीज. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, आडनावे मागे राहिली. इथे टेक्सासमध्ये काउंटरवरची मंडळी माझे आडनाव वाचून थेट स्पॅनिशमध्ये सुरू होतात आणि मी "नो, नो" म्हणेपर्यंत अर्धे वाक्य होऊन गेलेले असते.

फिलिपाइन्समधली पुष्कळशी स्पॅनिश आडनावे रक्ताने आलेलीच नाहीत. १८४९ मध्ये गव्हर्नर क्लावेरिया याने कर आणि नोंदी यांच्या सोयीसाठी आडनावांची एक वर्णानुक्रमे यादी काढली आणि ती गावोगाव वाटून दिली. काही गावांत त्यामुळे साऱ्यांची आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात. कारकुनाने वाटलेल्या आडनावाच्या बळावर दुसऱ्या कारकुनाच्या रकान्यात खूण करणे, हे मला तरी विनोदी वाटते.

तळटीप

वसईचा किनारा यांच्याशी सहमत आहे. फक्त नणंदबाईंची बाजूही पुरती निराधार नाही, हे नोंदवतो. १९७७ च्या त्याच निर्देशात हिस्पॅनिकची व्याख्या करताना मेक्सिको, प्वेर्तो रिको, क्यूबा, मध्य आणि दक्षिण अमेरिका यांच्या पुढे "किंवा अन्य स्पॅनिश संस्कृती अथवा मूळ" असे शब्द आहेत. तीनशे तेहतीस वर्षांची स्पॅनिश राजवट, कॅथलिक धर्म, बाप्तिस्म्याचे देवमाता-देवपिता, भाषेत मुरलेले शेकडो स्पॅनिश शब्द, यांना "स्पॅनिश संस्कृती" म्हणायचे की नाही, यावर फिलिपिनो तरुणांत दीर्घकाळ वाद चालू आहे. तरीही व्यवहारात फिलिपाइन्स आशियाईंतच धरले जाते. कॉमन ॲप या अनेक कॉलेजांच्या सामाईक अर्जात कित्येक वर्षे आशियाई या पर्यायापुढे "भारतीय उपखंड आणि फिलिपाइन्स धरून" असे मुद्दाम लिहिलेले होते. फिलिपाइन्सच्या जोडीला खुलासा लागला तो आपलाच, हे लक्षात घ्यावे.

जास्वंद

सर्वांचे आभार. गोदाकाठ यांच्या प्रश्नाला उत्तर देणे मला भाग आहे. सासूबाई पदवी घेऊन आल्या, हे खरे. पण त्यांनी जवळजवळ तीस वर्षे रात्रपाळी केली आणि मुले घरी येत तेव्हा त्या झोपलेल्या असत. माझे यजमान हुशार असूनही त्यांना चार वर्षांच्या विद्यापीठाचा अर्ज भरायचा असतो हेच कुणी सांगितले नाही. त्यांनी दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेतला, काम करत शिकले आणि सात वर्षांनी पदवी मिळवली. आमच्या मराठी शाळेतल्या मुलांना नववीपासून कोणते विषय घ्यायचे हे त्यांचे आई-वडील पाठ म्हणून दाखवतात. उत्पन्नाच्या रकान्यात ही दोन्ही घरे शेजारीशेजारी बसतील. लेकीला मात्र यातले काही सोसावे लागलेले नाही, हेही मी मान्य करते. म्हणूनच तर हा धागा काढला.

नाडीपरीक्षा

वैद्यकीय प्रवेशाचा अनुभव थोडक्यात सांगतो, कारण समुपदेशक बाईंचा सल्ला बहुधा तिकडून आला असावा. अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेची व्याख्या २००३ पर्यंत ठरावीक चार समूहांची होती: कृष्णवर्णीय, मेक्सिकन-अमेरिकन, मूळनिवासी आणि मुख्य भूमीवरचे प्वेर्तो रिकन. २००३ मध्ये ती बदलून "लोकसंख्येतील प्रमाणाच्या मानाने वैद्यकीय व्यवसायात कमी असलेले समूह" अशी झाली. त्यामुळे प्रत्येक महाविद्यालयाला आपल्या परिसराकडे पाहून ठरवण्याची मुभा मिळाली आणि कॅलिफोर्नियातल्या काहींनी फिलिपिनोंचा त्यात समावेश केला.

मी ज्या इस्पितळात काम करतो तिथे रात्री अकराच्या पाळीला प्रत्येक मजल्यावर फिलिपिनो नर्स भेटतात. पंधरा वर्षांत फिलिपिनो सहकारी डॉक्टर मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले. रुग्णाच्या आजीशी टागालोगमध्ये बोलायला नेहमी नर्सलाच बोलावले जाते आणि डॉक्टर बाजूला उभे राहून ऐकतात. त्या बाजूला उभ्या राहणाऱ्यांत मीही असतो.

गोदाकाठ

जास्वंदताई, तुमच्या यजमानांविषयी वाचून माझा सूर थोडा खाली आला, हे प्रांजळपणे सांगतो. तत्त्वाचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. आता सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानंतर खासगी विद्यापीठांतही हा विचार करता येत नाही ना? मग एवढा खल कशासाठी?

तळटीप

२९ जून २०२३ च्या निकालाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ यांची वंश लक्षात घेणारी प्रवेशपद्धती घटनाबाह्य आणि बेकायदा ठरली, हे खरे. पण मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालाच्या शेवटी असेही लिहिले की वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, मग तो भेदभावाचा असो की प्रेरणेचा, हे उमेदवाराने मांडले तर त्याचा विचार करण्यास विद्यापीठांना मनाई नाही. फक्त तो विचार त्या व्यक्तीचे धैर्य, जिद्द किंवा क्षमता या अंगाने झाला पाहिजे. म्हणजे रकाना बंद झाला आणि निबंध उघडा राहिला. न्यायमूर्ती गोर्सच यांनी स्वतंत्र मतात या रकान्यांचीच झडती घेतली आहे: पूर्व आशिया आणि दक्षिण आशिया मिळून जगाची सुमारे ६० टक्के लोकसंख्या होते, आणि ती सारी एका ढिगात. गोदाकाठ, तुम्हाला ते मत आवडेल. गंमत म्हणजे कोकणकडा यांनाही आवडेल, अगदी उलट कारणासाठी.

पाटीपेन्सिल

मी अनेक वर्षे एका कम्युनिटी कॉलेजात मुलांना अर्जासाठी मदत करते, तेव्हा दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते. रकान्यावर दोन्ही खुणा कराव्यात. दोन्ही खऱ्या आहेत. मराठीत भांडल्याने मुलीचे फिलिपिनोपण कमी होत नाही, आणि लोलाच्या हातच्या पाऱ्या सोडवल्याने मराठीपणही नाही. हिस्पॅनिकवर खूण करायची की नाही हे तिने स्वतःला विचारावे: ती रोजच्या जगण्यात स्वतःला तसे म्हणवते का? म्हणवत नसेल तर अर्जाच्या दिवशी म्हणवू नये.

आता निबंध. कॅलिफोर्निया विद्यापीठ आठ प्रश्न देते, त्यांतले चार निवडायचे आणि प्रत्येकाला ३५० शब्दांची मर्यादा. माझी एकच विनंती आहे: "माझ्या घरी पुरणपोळीही होते आणि लुंपियाही होतो" हा निबंध लिहू देऊ नका. दर वर्षी मी तो निरनिराळ्या पदार्थांसह वाचते आणि दर वेळी मला फक्त भूक लागते. तिने असे काय केले आहे, जे या दोन घरांच्या मध्ये उभी असल्यामुळेच तिच्या वाट्याला आले, ते शोधा.

उंटावरचा शहाणा

पाटीपेन्सिल यांच्या प्रतिसादानंतर मी धाग्यावर पाककृती मागणार होतो, तो बेत रद्द केला आहे.

कोकणकडा

जास्वंदताई, एक बारीकसा तांत्रिक मुद्दा राहिला. दोन खुणा केल्या म्हणून ती केंद्राच्या आकडेवारीत "दोन किंवा अधिक वंश" या गटात जाणार नाही, कारण भारत आणि फिलिपाइन्स दोन्ही तिथे आशियाईंतच मोडतात. ती नुसती "आशियाई" म्हणून मोजली जाईल. राज्याच्या शालेय आकडेवारीत मात्र फिलिपिनो हा स्वतंत्र गट आहे. मार्च २०२४ मध्ये निर्देश १५ पुन्हा सुधारला आणि केंद्रीय संस्थांनी चिनी, भारतीय, फिलिपिनो असा तपशील साधारणपणे गोळा करावा असे त्यात म्हटले आहे, पण सगळीकडे तसे होईपर्यंत तुमची नात कॉलेजात जाईल.

जास्वंद

आज अर्ज गेला, म्हणून कळवते आहे. तिने फिलिपिनो आणि भारतीय या दोन्हींवर खूण केली, हिस्पॅनिकला नाही म्हटले. नणंद दोन दिवस रुसली होती. आता बोलू लागली आहे.

पाटीपेन्सिल, तुमचा प्रश्न मी लेकीला जसाच्या तसा वाचून दाखवला. ती म्हणाली, "मी लोलाचे फॉर्म भरते." खरेच आहे. सासूबाईंची नजर अधू झाल्यापासून, म्हणजे लेक अकरा वर्षांची असल्यापासून, दवाखान्याचे, पेन्शनचे, विम्याचे सगळे कागद तीच भरते. तिने पहिली फाइल काढून दाखवली तेव्हा मी थक्क झाले. एका कागदावर लोला "आशियाई", दुसऱ्यावर "पॅसिफिक बेटवासी", जनगणनेच्या वेळी "फिलिपिनो" आणि एका जुन्या दवाखान्याच्या नोंदीत, बहुधा आडनाव पाहून कुणीतरी परस्पर लिहिलेले, "हिस्पॅनिक". ते शेवटचे दुरुस्त करून घ्यायला लेकीने तीन वेळा फोन केला होता आणि दर वेळी पलीकडून स्पॅनिश दुभाषी जोडून मिळाला होता. हे आम्हाला तिने कधी सांगितलेही नव्हते. तिचे ३५० शब्द त्या तीन फोनांवर आहेत.

अर्ज पाठवण्याआधी तिने तो निबंध लोलाला मोठ्याने वाचून दाखवला. लोलाने शेवटपर्यंत ऐकून घेतला, चष्मा पुसला आणि विचारले, "मग या वेळी मला कशात घातलेस?"